माझं

स्टँडची किंमत तीनशे साठ पेसो,
म्हणून स्टँड मीच.
दोन्ही हातांत फोन, कोपरं बरगड्यांना टेकवलेली,
श्वाससुद्धा बेताचा,
नाहीतर लोकांना चेरिलिनताई हलताना दिसते.

तिच्याकडे एकूण अकराशे होते.
बागियोच्या चढावर, बाजाराच्या मागच्या गल्लीत
मंगळवारी कोरियातून आलेली गाठ फोडतात.
सकाळी हात घालतात त्या पैसेवाल्या बायका.
ताई जाते चारला,
उरल्यासुरल्यात खांद्यापर्यंत बुडते.
अख्खी गाठ घ्यायची ऐपत नाही,
गाठीची धूळ मात्र
सगळ्यांना सारखंच शिंकायला लावते.

चौदा नग आणले.
एकाचं बटण गेलेलं, एक काखेत उसवलेला,
एकाच्या खिशात सोलच्या बसचं तिकीट,
एकाच्या खिशात कुणाचा तरी वाळलेला च्युइंगम.
तिकीट तिनं आरशाच्या कडेला खोचलं.
च्युइंगम शेजारच्यांच्या फ्रीजमधला बर्फ लावून लावून
तासाभरानं सुटला.

नियम तिनेच केले:
डाग असेल तर कॅमेऱ्याजवळ न्यायचा, बोट ठेवून दाखवायचा.
माप टेपनं, डोळ्यानं नाही.
आणि ज्याला हवं त्यानं खाली लिहायचं, माझं.
पहिला लिहील त्याचं.

पहिल्या आठवड्यात एकानं पाच वेळा लिहिलं माझं, माझं,
आणि पैसे मागितल्यावर
जसा काही जन्मलाच नव्हता.
ताईनं ते पाचही कपडे परत इस्त्री केले.
शिव्या फक्त इस्त्रीला दिल्या.

आज रात्री साडेनऊ.
दिवा म्हणजे आईचा शिवणाचा दिवा,
उजेड मऊ पडावा म्हणून वर केकचा कागद.
बघणारे तीन.
त्यातला एक जेरिको, आमचा चुलतभाऊ, जन्माचा फुकट्या.

"मरून कोट. छाती बावीस इंच. कॉलरची लोकर खरी.
डाव्या बाहीवर हा बघा, चहाचा असावा."
कुणी काही लिहीना.
मागं आई लसूण सोलत होती,
तिला सांगितलेलं, खोकायचं नाही.
मग खालून वर सरकलं एक नाव,
दालिया सत्त्याहत्तर:
माझं.

दोनशे ऐंशी.
फोन टुणकन वाजला, पैसे पडले.
माझा अंगठा घामानं घसरला,
पडद्यावर क्षणभर आमचं छत दिसलं,
पत्र्याखालचं पाणी झेलणारी बादली दिसली,
जगाला दिसली.

नंतर पत्ता आला.
ताई मनातल्या मनात वाचता वाचता थांबली.
चौदा ब, हिरव्या पत्र्याचं घर, पायऱ्या उतरून डावीकडे.
घेणाऱ्याचं नाव: लुझविमिंदा.

लुझविमिंदा लसूण सोलत होती.

रोवेना तिकडे तायचुंगला, चिपांच्या कारखान्यात.
पाळी सुरू झाली की फोन लॉकरमध्ये.
म्हणजे जेवणाच्या सुट्टीत बसून
ती आम्हाला बघत होती,
आणि पलीकडून ओळख न देता
भवानी करून गेली.

ताईनं कोट तसाच हातात दिला नाही.
दहा पिशव्या आणल्या होत्या, त्यातली एक काढली,
घडी घातली, आभाराची चिठ्ठी टाकली,
चिकटपट्टी दातांनी तोडली,
वर नाव, वर पत्ता,
आणि तीन पावलं चालून
पार्सल पोचतं केलं.

आईनं ते सुरीनं उघडलं. बाहीचा वास घेतला.
"किती घेतलेस तिच्याकडून?"
"दोनशे ऐंशी."
"तीनशे सांगायचे. तिला ओव्हरटाइम मिळतो."
आणि मग लसणाच्या हातांनीच
कोट चढवून बसली, परत सोलायला.

सत्तरला घेतलेला. पिशवीचे चार.
ताईनं वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली,
रेघेवर पुन्हा रेघ ओढली.
मग बाराव्या नगाला हात घातला:
"हलू नकोस रे."

मी हलत नव्हतो.
फोन हलत होता.
बघणारे तिनाचे चार झाले होते.